काकांची पूर्व

आमच्या घरी नवा पाहुणा आला की त्याला एक गोष्ट हमखास खटकायची. घर रस्त्याला समांतर नव्हतं. प्लॉट सरळ, कुंपण सरळ आणि घर मात्र जरा अंग चोरून तिरकं बसलेलं. त्यामुळे दोन्ही बाजूंना बागेचे त्रिकोणी तुकडे उरले होते आणि त्यांत आई अळू नि कर्दळ लावायची. पाहुण्यानं विचारलं की वडील खूश होऊन सांगायचे, "रस्ता म्युनिसिपालटीचा आहे, घर दिशेचं आहे. आमच्या चिरंजीवांनी होकायंत्र लावून पूर्व धरली." अशा वेळी मी पाणी आणायच्या निमित्तानं आत जायचो.

कारण घर दिशेला धरूनही नव्हतं. ते सहा-सात अंशांनी चुकलं होतं, चूक माझी होती आणि हे त्या घरात मला एकट्याला माहीत होतं. घराची तक्रार नाही. घर उत्तम होतं, एकाही पावसात गळलं नाही. मी लिहितोय ते ज्या माणसानं त्या जमिनीवर खरी पूर्व आखून दाखवली होती त्याच्याबद्दल, आणि मी त्याचं काय केलं त्याबद्दल. आजवर हे कुणाला सांगितलं नाही. सांगायची वेळ होती तेव्हा तोंड उघडलं नाही, आता कागदावर उघडतोय. यात मर्दुमकी काही नाही.

मध्यभारताचे दिवस होते. होळकरांचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. सरकार उन्हाळ्यात इंदुरात आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरात असायचं, त्यामुळे आमचे कारकून लोक म्हणायचे की या राज्याला धड एक दिशा नाही. वडील दरबारच्या हिशेबखात्यातून निवृत्त होऊन घरी बसले होते आणि जन्मभर भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर त्यांनी गावाबाहेरच्या नव्या वस्तीत एक प्लॉट घेतला होता. मी ताजा ताजा ओव्हरसियर. सरकारी बांधकाम खात्यात लागून दीड वर्ष झालं होतं. माझा डिप्लोमा वडिलांनी काचेत मढवून देवांच्या शेजारी लावला होता, आणि मी स्वतःला जवळजवळ त्याच रांगेतला समजत होतो.

नकाशा मी काढला. पण पाया आखायच्या आधी वडील म्हणाले, "दिशा काकांकडून धरून घेऊ."

काका म्हणजे वडिलांचे जुने स्नेही. सख्खे नव्हेत, पण लहानपणापासून मी त्यांना काकाच म्हणायचो. होळकरांच्या फौजेतल्या घराण्यातले. स्वतः त्यांनी दरबारच्या बांधकाम खात्यात तीस वर्षं काढली होती. दगड, चुना आणि दिशा, या तीन गोष्टी त्यांना कळायच्या. राज्यं एकत्र झाली तेव्हा नव्या सरकारनं प्रत्येकाचं सर्टिफिकेट मागितलं. काकांकडे कसलं सर्टिफिकेट? त्यांचं नाव यादीतून गळालं आणि ते जुन्या इंदुरातल्या आपल्या दोन खोल्यांत येऊन बसले. तरी नवं घर बांधणारी माणसं त्यांना शोधत यायची. ते जायचे, जमीन बघायचे, पूर्व आखून द्यायचे, शिधा घ्यायचे आणि पायी घरी यायचे. गावात त्यांना जो काही मान उरला होता तो एवढ्यावर.

त्यांची एकच इच्छा होती आणि ती त्यांनी आमच्या ओट्यावर बसून मलाच सांगितली होती. "घरं खूप झाली, बेटा. आता एका देवळाची पूर्व धरायची राहिली आहे. छत्रीबागेत गल्लीवाले छोटंसं देऊळ बांधून राहिले आहेत. ते काम मिळालं की बस. मग डोळे मिटले तरी चालेल." देवळाचे दोन पंच आमच्याच प्लॉटवर त्यांचं काम बघायला येणार होते. आधी डोळ्यांनी बघू, मग देऊळ सोपवू, असं त्यांचं म्हणणं होतं.

ज्येष्ठ लागायच्या बेतात होता. काका आदल्या दिवशीच येऊन गेले. हातभर खोल खड्डा खणला, तीच माती परत भरली. माती उरली. "रावसाहेब, जमीन एकदम अव्वल आहे. माती कमी पडली असती तर मी नाही म्हटलं असतं." मग वडिलांचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत दोरीनं मोजला, कारण घर ज्याचं, माप त्याच्या हाताचं. माझ्या नकाशातली लांबी-रुंदी त्यांनी त्या हातात बदलली, गुणाकार केला, आठानं भागलं आणि बाकी शुभ मानलेली एक उरली म्हणून खूश झाले. मी बाजूला उभा राहून हसू दाबत होतो. ते त्यांनी पाहिलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जमिनीचा एक तुकडा पाणी ओतून ओतून समतल केला. मध्यभागी बारा अंगुळांची खैराची खुंटी रोवली, तोच शंकू. त्याच्याभोवती दोरीनं वर्तुळ काढलं. सकाळी शंकूची सावली लांब असते, ती आखडत आखडत वर्तुळावर टेकली तिथे त्यांनी एक खूण केली. मग दुपारभर डोक्याला पंचा गुंडाळून तिथेच बसून राहिले. सावली दुसऱ्या बाजूनं वाढत वर्तुळाला पुन्हा टेकली की दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की झाली पूर्व-पश्चिम. इतकं साधं आणि इतकं अचूक काम आहे ते. हे मला तेव्हाही कळत होतं, फक्त मान्य करायचं नव्हतं.

मी ऑफिसातून मोजणीचं टेबल घेऊन आलो तेव्हा तीन वाजून गेले होते. दोन्ही पंच आले होते, शेजारचे चारसहा लोक जमले होते, आई कडेला उभी होती, वडील सगळ्यांना उसाचा रस देत होते. माळव्यातला वारा सुटला होता आणि टेबलावरचा नकाशा फडफडत होता. टाचण्या मी ऑफिसात विसरलो होतो. म्हणून एका कोपऱ्यावर वीट ठेवली, दुसऱ्यावर वीट, आणि तिसऱ्यावर मोजणीच्या लोखंडी साखळीची जुडी ठेवली. मग लांबट डबीतलं होकायंत्र काढून नकाशावर ठेवलं.

ज्यानं एक दिवससुद्धा मोजणी शिकली आहे त्याला इथेच कळेल. होकायंत्राजवळ लोखंड ठेवायचं नाही, हा आमचा पहिला धडा. अगदी खिशातली किल्लीसुद्धा बाजूला काढायची. आणि मी पाच-सहा शेर लोखंड सुईपासून वीतभर अंतरावर ठेवून दिलं होतं.

सुई स्थिर झाली. तिची पूर्व आणि काकांची रेघ जुळेना. नजरेला दिसेल एवढा फरक होता.

काका उठून आले. टेबलाला हात न लावता, वाकून बघितलं. "बेटा, एक बार परत बघून घे ना. काहीतरी गडबड होऊन राहिली आहे."

मी डबी उचलून परत ठेवली. सुई तिथेच. "गडबड सावलीत असेल, काका. सुई कुठे जाणार?"

"मग आपण उद्या परत शंकू लावू. दोन्ही समोरासमोर बघू. एक दिवसानं काय फरक पडतो?"

खरं तर हे किती सरळ बोलणं होतं. पण पंच बघत होते, वडील बघत होते, आणि माझ्या अंगात डिप्लोमा आला होता. मी म्हणालो, "उद्या काय सूर्य दुसरीकडून उगवणार आहे का, काका? का तुमच्यासाठी सरकारी हुकूम काढायचा?"

लोक हसले. वडीलसुद्धा हसले आणि मग खाली बघू लागले. त्या दोन पंचांपैकी कपड्याचा व्यापार करणारे जे होते, ते काकांकडे न बघता म्हणाले, "मसीन झूठ नी बोले, बा साब." काकांनी आपल्या रेघेवरच्या दोन खुंट्या स्वतःच्या हातानं उपटल्या, पंच्याच्या टोकानं पुसल्या आणि पिशवीत ठेवल्या. माझ्या रेघेवर दोरी बांधली गेली. वडिलांनी त्यांना शिधा पुढे केला तर ते म्हणाले, "आज नको, रावसाहेब. आज काम झालं नाही."

ते गेले. पंच फाटकाजवळ वडिलांशी बोलत थांबले होते. मी सामान आवरायला घेतलं, साखळीची जुडी उचलली आणि डबीतली सुई हलली. हलली ती काकांच्या रेघेशी नेमक्या काटकोनात जाऊन थांबली. मी साखळी परत ठेवली, सुई परत फिरली. पुन्हा उचलली. मला वाटतं मी चार वेळा तरी हा खेळ केला. पंच वीस पावलांवर उभे होते आणि काका अजून वळणापर्यंतही पोचले नसतील. एक हाक मारायची होती.

मी डबी बंद करून खिशात घातली.

का, याचं उत्तर मी स्वतःला बऱ्याच प्रकारांनी दिलं आहे. वडिलांचा आनंद मोडवेना, हे त्यातलं सगळ्यात सभ्य. खरं उत्तर असं की त्या लोकांसमोर मूर्ख ठरण्यापेक्षा काका खोटे ठरलेले मला परवडले. रात्री ठरवलं की पहाटे जाऊन दोरी गुपचूप सरकवायची. पहाटे गेलो तर वडील माझ्या आधी तिथे हजर, नारळ फोडून पहिली कुदळ मारून मोकळे झालेले. मला बघून म्हणाले, "ये, दुसरी तू मार." मी मारली.

पुढचं आपोआप घडत गेलं, म्हणजे मी घडू दिलं. घर उभं राहिलं. चैत्रात सूर्य नेमका पूर्वेला उगवतो तेव्हा दारातून आलेलं ऊन समोरच्या भिंतीच्या मध्यावर पडायला हवं होतं. ते बाजूला, तसबिरींच्याही पलीकडे जाऊन पडलं. वडिलांच्या ध्यानात आलं नाही. आईच्या आलं. त्याच वर्षी बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं आणि आईनं दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या. "काका खुंट्या उपटताना काहीतरी पुटपुटत होते. मी बघितलं ना. त्यांचाच हा चक्कर आहे." काका काहीही पुटपुटले नव्हते, त्यांच्या सर्वांत जवळ मीच उभा होतो. आईनं हे आत्याला सांगितलं, आत्यानं आणखी दोन घरी. काकांना बोलावणं बंद झालं. मी त्या वेळी एवढंच म्हणायचो, "जाऊ दे ना आई, म्हातारा माणूस आहे." आणि आईला वाटायचं, पोरगा किती समजूतदार आहे.

देवळाची पूर्व धरायला पंच माझ्याकडे आले. मी नाही म्हणू शकलो असतो. गेलो. त्या दिवशी मी साखळी पार गल्लीच्या तोंडाशी ठेवली, खिसे रिकामे केले, आजूबाजूच्या बायांना घागरी लांब न्यायला लावल्या. रेघ अगदी बिनचूक आली. मला नारळ आणि उपरणं मिळालं. गर्दीत मागे काका उभे होते. जवळ आले, रेघेवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "पक्की धरली आहेस." त्यांच्या आवाजात कडवटपणा असता तर मला ते सोपं गेलं असतं.

नंतर मी जुन्या इंदूरकडे जाणं टाळायला लागलो. बाजाराचा रस्तासुद्धा बदलला. मग मध्यभारतच संपत आलं, नवं राज्य होणार आणि राजधानी भोपाळला जाणार हे ठरलं, माझी बदली तिकडे लागली. निघायच्या आठवडाभर आधी काकांचा निरोप आला, की होकायंत्र घेऊन एकदा ये.

मला वाटलं, त्यांना कळलं. खरं सांगतो, जिवात जीव आला. आता ते विचारतील, मी पाय धरीन, काय बोलायचं ते बोलतील आणि हे एकदाचं संपेल. वाटेत मी वाक्यं जुळवत गेलो.

काका वाळून गेले होते. मला खाटेवर बसवलं, काकूंना चहा ठेवायला सांगितलं आणि म्हणाले, "तुझा मोठा उपकार आहे माझ्यावर. त्या दिवशी तू नसता तर तुझ्या बापाचं घर माझ्या हातून वाकडं झालं असतं."

मला पहिल्यांदा वाटलं ते टोमणा मारताहेत. पण काकांना टोमणा येतच नव्हता. ते सांगत राहिले. सुई खोटं बोलत नाही, म्हणजे चूक त्यांची. एकदा चुकली तर आधीही चुकली असेल. तीस-पस्तीस वर्षांत किती घरांची पूर्व धरली, ती सगळी त्यांना तोंडपाठ होती, आणि ते रात्र-रात्र ती मोजत पडायचे. कुणाकडे माणूस गेलं, कुणाचा धंदा बसला, की त्यांना वाटायचं, आपली रेघ वाकडी होती. इतकंच नव्हे, काही घरी जाऊन त्यांनी तसं सांगितलंही होतं. हात जोडून, की माझी गलती झाली असू शकते, मला माफ करा.

"तू भोपाळला चालला. त्याआधी दोनचार घरं मला मोजून दाखव. मला कळलं तर पाहिजे."

माझी जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. मी म्हणालो, "चला."

रविवार होता. काका पुढे आणि मी मागे. पहिलं घर एका शाळामास्तरांचं. त्यांच्या उंबऱ्यावर डबी ठेवली. सुई आणि उंबरा तंतोतंत समांतर. "बरोबर आहे, काका." त्यांनी मान हलवली, पण विश्वास नव्हता. दुसरं घर, बरोबर. तिसरं, तेही. अंशाचा फरक काढायचा म्हटलं तरी निघेना. मी आयुष्यात इतकी सरळ घरं एका दिवसात पाहिली नव्हती, आमच्या खात्यानं बांधलेली तर नाहीच.

चौथं घर नदीकडच्या गल्लीत, एका पोस्टातल्या कारकुनाचं. त्याची बायको वर्षापूर्वी बाळंतपणात गेली होती. काका त्याच्याकडेही माफी मागायला जाऊन आले होते. दारावर पोचलो तर पूर्वेचं दार नव्हतंच. तिथे विटा भरून वरून चुना मारलेला, आणि उत्तरेकडे भिंत फोडून नवं दार बसवलेलं. कारकून म्हणाला, "काका स्वतःच म्हणाले ना, की दिशा चुकली असेल. मग मी बुजवून टाकलं. रोज त्या दाराकडे बघवेना."

बुजवलेल्या दाराचा जुना उंबरा अजून जमिनीत होता. मी त्यावर डबी ठेवली. काका शेजारी उकिडवे बसले. सुई हलत हलत थांबली.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"म्हणजे दार बरोबर होतं?" कारकुनानं विचारलं.

"होतं."

तो त्या चुन्याच्या भिंतीकडे बघत राहिला. मग आतून पोर रडलं म्हणून आत गेला. काकांनी विटांवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्या कारकुनाला दोनदा मारलं होतं, एकदा दैवानं आणि एकदा मी. फक्त दुसऱ्या वेळचा हात काकांना स्वतःचा वाटत होता.

आम्ही बाहेर आलो. ऊन उतरलं होतं. गल्लीच्या कडेला एका ओट्यावर काका टेकले आणि म्हणाले, "चारही बरोबर आले. मग फक्त तुमच्याच घरी कसं चुकलं, बेटा? मला समजून सांग. तू शिकलेला आहेस."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लहानपणी गणित अडलं की त्यांच्याकडे बघायचो. मला दुसरं काहीच करायचं नव्हतं. एक वाक्य होतं, पाच शब्दांचं. आजूबाजूला कुणी पंच नव्हते, वडील नव्हते, हसणारं कुणी नव्हतं. गाडी चार-पाच दिवसांवर होती, भोपाळात मला कुणी ओळखत नव्हतं. लाज वाचवायला आता काही कारणसुद्धा उरलं नव्हतं.

मी म्हणालो, "होतं, काका. एखाद्या वेळी कुणाचंही चुकतं. ऊन फार होतं त्या दिवशी."

काकांचा चेहरा सैल पडला. किती दिवसांनी पडला असेल कोण जाणे. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, कपाळाला लावले आणि म्हणाले, "तू मनानं फार मोठा आहेस रे. दुसऱ्या कुणी मला इतक्या सहज माफ केलं नसतं."

आणि मी त्यांना म्हणालो, "असू दे, काका."